अंगठ्याची पारख

टेलरमास्तरांचा स्वतःच्या अंगठ्यावर भारी भरवसा. जन्मभर कापड चाचपूनच घेतलेलं, मग डोनट तरी कसा नुसता बघून घेणार? दाबल्यावर वर आला तर ताजा, खड्डा राहिला तर शिळा.

"बाबा, जवळच्या दुकानांत ताजे डोनट मिळतात का बघा. आणि हो, हात लावू नका!" लेकीनं बजावलं. मास्तरांनी मान डोलावली. बजावलेलं मात्र चपलांच्या स्टँडपाशीच राहिलं.

पहिल्या दुकानात अंगठा रुतला. "शिळा आहे," मास्तरांनी निकाल दिला.

"असेल. पण बोट लावलंत ना? आता तो तुमचाच," म्हणत दुकानदारबाईंनी तो पिशवीत टाकला. कोपऱ्यावरच्या बेकरीत तेच, शाळेसमोरच्या दुकानातही तेच. पुलापलीकडे मात्र नुकतेच तळलेले डोनट होते. अंगठा टेकवताच एक गरम डोनट गादीसारखा टुणकन वर आला. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तो उभ्या उभ्या खाल्ला. तेवढ्यात रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी उरलेले सगळे विकत घेतले.

घरी लेकीनं पिशवी उघडली. प्रत्येक डोनटवर अंगठ्याएवढा खड्डा.

"बाबा, हे शिळे आहेत!"

"आहेतच मुळी," मास्तर छाती फुगवून म्हणाले. "एकेक स्वतः तपासून आणलाय."

"आणि मिशीवर साखर कसली?"

मास्तरांनी मिशी पुसली. "ती ताजी आहे."