थोरल्याच्या पोटातली बाटली

राजनाला कालव्याला पाणी सुटलं आणि उन्हाळी भाताच्या चिखलणीची घाई उडाली. बचत गटाचे दोन पॉवर टिलर होते. दोन्ही एकाच टेंपोतून आलेले, एकाच बनावटीचे. पण जो आधी खाली उतरला त्याला बायकांनी थोरला म्हटलं आणि मागच्याला धाकटा.

त्या सकाळी दोघे बांधाला लागून उभे होते आणि हरेश त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. खोपोलीच्या कारखान्यात मशिनी सांभाळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला, तेव्हा कर्जतच्या एका हॉलमधलं भाषण ऐकून त्याने इंजिन ऑइलमध्ये मिसळायच्या औषधाची एजन्सी घेतली. घर्षण कमी, डिझेलची बचत, इंजिनाला दीर्घायुष्य, असं बाटलीवर छापलं होतं. खोकी पलंगाखाली पडून होती. आज गटाला पटलं, तर आसपासच्या गावांतही बाटल्या खपणार होत्या. नाही पटलं, तर पुढे काय करायचं हे त्याला सुचलेलं नव्हतं.

गटाच्या अध्यक्ष आनंदीबाई सावध बाई. "दोघांच्या टाक्या काठोकाठ भरा. सारखी खाचरं चिखला. मंग परत काठोकाठ भरायला ज्याला डिझेल कमी लागंल, त्यो जिकला. औषध काल एकट्या थोरल्याला घातलंय. कबूल?"

"कबूल, काकी."

थोरला सुरू झाला, तसा म्हाताऱ्या पोपटकाकांनी कानामागे हात धरला. "आवाज ऐका रं! लोणी हाय, लोणी!"

खाचरं चिखलून झाल्यावर टाक्या परत भरल्या आणि खरंच, थोरल्याला डिझेल कमी लागलं. चांगलं डोळ्यात भरेल इतकं कमी. बायकांनी टाळ्या पिटल्या. हरेशची बायको हर्षला कितीतरी दिवसांनी हसली. हरेशही हसला आणि घाम पुसायला त्याने खिशातलं फडकं काढलं. फडकं काळंकुट्ट होतं.

काल संध्याकाळी याच फडक्याने त्याने हात पुसले होते. बाटलीवरच सूचना होती: जुनं ऑइल काढून टाका, औषध नव्या ऑइलमध्ये मिसळा. त्याने तसंच केलं होतं. वर जुन्या सवयीने चिखलाने बुजलेला एअर क्लीनरही धुऊन काढला होता. धाकट्याला मात्र कुणी हात लावला नव्हता.

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं.

"काकी, थांबा," तो म्हणाला. "ही कुस्ती बरोबरीची नाय झाली. थोरला जेवून आला, धाकटा उपाशी हाय. त्यालाबी नवं ऑइल घालतो, क्लीनर धुतो. बाटली नको. परत बघू."

"अवो, गप बसवत नाय का तुमाला?" हर्षला दबक्या आवाजात म्हणाली.

नाही बसवलं. दुपारी उरलेल्या दोन खाचरांत दोघे पुन्हा उतरले. आनंदीबाईंनी पोपटकाकांना पाठमोरं बसवलं आणि टिलर एकामागून एक सुरू करायला लावले.

"ह्यो! ह्यो थोरला," काका ओरडले. "लोणी!"

तो धाकटा होता. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "काका, राहिलेली बाटली तुमच्या कानात वतू का?"

माप घेतलं, तर दोघांना सारखंच डिझेल लागलं होतं.

"मंग औषध खोटं म्हनायचं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"खोटं म्हणायला माझ्याकडं तेवढं मोजमाप नाय, काकी. एखाद्या मशिनीला गुण येतबी असंल. पण चांगल्या ऑइलमध्ये लागतं ते कंपनीनं आधीच घातलेलं असतं. आपल्या टिलरला तरी फरक नाय पडला."

एवढं बोलून तो बांधावर जाऊन बसला. हर्षला शेजारी येऊन बसली. मग आनंदीबाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"सकाळपेक्षा धाकटा कमी पितोय, हे तर खरं?"

"हो."

"कशानं?"

"नव्या ऑइलनं. क्लीनर धुतला त्यानं."

"ऑइल काय सोताच्या पायानं आत गेलं?"

हरेशने हातातल्या काळ्या फडक्याकडे पाहिलं.

"समद्या गटांचे टिलर काळं ऑइल घिऊन फिरतात रं. नादुरुस्त झाल्याबिगर कोन बघत नाय. मी फोन लावते एकेका गटाच्या बाईला. तू जाशील ऑइल बदलायला? मजुरी देतील. बाटली मात्र न्यायची नाय हां."

"जातील," हरेशच्या आधी हर्षलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पलंगाखालचं एक खोकं रिकामं केलं. बाटल्यांच्या जागी पाने, नरसाळं आणि धुतलेली फडकी भरली, खोकं मोटारसायकलच्या मागे करकचून बांधलं. वाटेत पोपटकाका काठी टेकत आडवे आले.

"हरेश, आता नाय ना विकत त्या बाटल्या? मंग एक मला दे. गुडघं लई कुरकुरतात."

"काका," गाडीला किक मारत हरेश म्हणाला, "आधी जुनं ऑइल काढायला लागंल."