भिंत चढलेली शाळा समिती

शाळेत शिरलं की उजव्या हाताला समितीच्या पाच सदस्यांचे फोटो लावलेले होते आणि प्रत्येक फोटोखाली त्या माणसाचा परिचय. अध्यक्ष ठेकेदारसाहेब, निम्मं गाव त्यांनीच बांधलेलं. त्यांच्या फोटोखाली 'बांधकाम व्यावसायिक, शिस्तप्रिय व्यक्तिमत्त्व' असं लिहिलं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाई, औषधांच्या दुकानाचे मालक आणि निवृत्त बँक मॅनेजर यांच्या परिचयातही शिस्त कुठे ना कुठे घुसवलेली होतीच, आणि चौघांच्याही शेवटी ठळक अक्षरांत 'याच शाळेचे माजी विद्यार्थी'. पाचवा फोटो टेलरताईंचा. त्याखाली 'गृहिणी व समाजसेविका'.

हे वाचून ताईंचं पहिल्याच दिवशी डोकं फिरलं होतं. बाजारपेठेत स्वतःचं दुकान, हाताखाली दोन बायका, शाळेतल्या बहुतेक मुलींचे गणवेश त्यांच्या कात्रीखालून गेलेले. समाजसेवा म्हणाल, तर गिऱ्हाइकांची सासवांविषयीची गाऱ्हाणी ऐकून घेणं, तेवढीच. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, टेलर लिहिलेलं बरं दिसेल का?" "कोणाला?" असं ताईंनी विचारल्यावर ते नुसते हसले. खरं तर ताईही याच शाळेत, या चौघांच्याच मागेपुढे शिकलेल्या. पण आठवीत वडील गेले आणि त्या मशीनवर बसल्या. शाळा पुरी न केलेल्यांना माजी विद्यार्थी म्हणावं की नाही, यावर समितीने अजून विचार केलेला नव्हता.

त्या दिवशीच्या बैठकीत एकच मोठा विषय होता. दहावीतली एक मुलगी तिसऱ्यांदा मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाली होती. पकडली गेली ती शर्टामुळे. मागची भिंत बिनगिलाव्याची, जुन्या विटांची. तिच्यावरून चढणाऱ्याच्या अंगाला लाल भुकटी लागल्याशिवाय राहत नाही. पांढऱ्या शर्टावर पोटापाशी हा एवढा लाल पट्टा घेऊन बाईसाहेब मधल्या सुट्टीनंतर वर्गात येऊन बसल्या होत्या.

मुलीला आणि तिच्या आईला आत बोलावलं. आई इस्पितळात आया होती, कामावरूनच आलेली, निळा झगासुद्धा बदललेला नव्हता.

"का पळालीस?" ठेकेदारसाहेबांनी विचारलं.

मुलीने जरा विचार केला. "कंटाळा आला होता."

आईने कपाळाला हात लावला. ताईंनाही वाटलं, अगं, काहीतरी सांग ना, आजी आजारी आहे म्हण, पोटात दुखत होतं म्हण. पण पोरगी खोटं बोलायला तयार नव्हती आणि तोंड लपवायलाही. दोघींना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं.

"पाहिलंत?" बँक मॅनेजर म्हणाले. "जराही लाज नाही. हिला ठेवली तर उद्या अख्खा वर्ग भिंतीवर."

"नावच काढून टाकावं," औषधवाले म्हणाले.

"वर्षाच्या मधे हिला दुसरी शाळा घेणार नाही," ताई म्हणाल्या. "म्हणजे दहावीला बसायचीच नाही ती. आईबरोबर इस्पितळात फरशा पुसायला जाईल. एकदा सुटली की सुटते शाळा, परत कोणी बोलवायला येत नाही. मला विचारा."

"ताई, तुमचं मन हळवं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या दाढ काढायच्या आधी पेशंटशी बोलतात त्या आवाजात.

ताई काही बोलणार तेवढ्यात ठेकेदारसाहेब उठले. निर्णयाआधी जागा पाहून घेऊ, म्हणाले. भिंत आणखी उंच करायची झाली तर अंदाजही येईल. सगळी वरात शाळेच्या मागे गेली.

भिंत चांगली पुरुषभर उंच होती आणि तिच्यावर वेल चढून पार गच्च झालेला. वीटसुद्धा धड दिसत नव्हती. मुख्याध्यापक मान वर करून म्हणाले, "मला कळत नाही, ही एवढीशी पोर चढली कशी?"

"अशी," ठेकेदारसाहेब म्हणाले.

आणि त्यांचा डावा पाय खाली न बघताच वेलाच्या पानांत गेला, तिथे विटेची जी खाच होती तिच्यात नेमका बसला. हात वर, एक हिसका, आणि साठीला टेकलेले अध्यक्ष पोटावर भिंतीवर आडवे झाले. ती खाच कोणालाच दिसलेली नव्हती. पायाला मात्र ती पाठ होती.

डॉक्टरीणबाई खालून ओरडल्या, "अरे बोक्या, उजव्या हाताने पाइप धर ना!"

"पाइप कधीच काढला गं," बँक मॅनेजर म्हणाले आणि लगेच जीभ चावली. पण आता चावून काय उपयोग. औषधवाले पोट धरून हसत खालीच बसले. मग काय विचारता, बांध फुटल्यासारखं झालं. बोक्या आधी चढायचा आणि बाकीच्यांना ओढून घ्यायचा. दुपारच्या खेळाला सिनेमाच्या थेटरात मागच्या दाराने सोडणारा एक माणूस होता. डॉक्टरीणबाईंचा एकदा स्कर्ट भिंतीवर अडकला होता आणि तो सोडवायला बँक मॅनेजर भूगोलाचा तास बुडवून धावत आले होते. मुख्याध्यापक आधी खोकले, मग तेही हसले. ठेकेदारसाहेब वरून म्हणाले, "अरे, थेटर दिसतं की इथून अजून," आणि त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता.

ताईही हसल्या. मनापासून हसल्या. त्यांना वाटलं, चला, मिटलं. स्वतः या भिंतीवरून उड्या मारलेली माणसं आता कुठल्या तोंडाने त्या पोरीचं नाव काढणार? फार तर चार शब्द सुनावतील आणि सोडतील. अध्यक्षांना उतरवायला त्यांनीच हात दिला.

सगळे खोलीत परतले. पाणी प्यायले. ठेकेदारसाहेबांनी घाम पुसला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं. नाव काढण्याच्या बाजूने कोण?"

चार हात वर गेले.

ताईंना आधी वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. "अहो," त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही स्वतः..."

"आमची गोष्ट वेगळी होती," ठेकेदारसाहेब म्हणाले.

"काय वेगळं होतं? भिंत तीच. खाचही तीच."

"आम्ही चांगल्या घरांतली मुलं होतो, ताई. थोडी मस्ती केली तरी पुढे काही बिघडणार नव्हतं. अशा मुलांना मात्र वेळीच लगाम घालावा लागतो."

म्हणजे पळणं एकच, पण बोक्या पळाला की मस्ती आणि आयाची पोर पळाली की वळण बिघडलेलं. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. याच शहाण्यांनी त्यांना 'समाजसेविका' केलं होतं. सगळ्यांत संताप याचा आला, की तो माणूस हे लाजत बोलत नव्हता, समजावून सांगत होता.

शिपायाने मायलेकींना आत आणलं. दोघीही हसत होत्या. व्हरांड्यातल्या त्या बाकावरून मागची भिंत सरळ दिसते, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

"साहेब, तुम्ही सगळे हसायला लागलात आणि माझ्या जिवात जीव आला," आई म्हणाली. "मी हिला म्हटलं, मोठ्या मनाची माणसं आहेत. आता परत नाही जायची ती. जाशील का गं?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली.

ठेकेदारसाहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी डॉक्टरीणबाईंकडे, त्यांनी खिडकीकडे. शेवटी ठेकेदारसाहेब हळूच म्हणाले, "टेलरताई, तुम्ही सांगा यांना. तुमच्या तोंडून जरा सौम्य वाटेल."

"मी नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "माझा हात खाली होता. ज्यांचे वर होते त्यांनी सांगायचं."

आईचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. ठेकेदारसाहेब घसा खाकरत उठले. त्यांच्या शुभ्र शर्टावर पोटापाशी विटेचा लाल पट्टा उमटला होता आणि ते नेमके त्याच्यावरच रुमाल ओला करून घासत होते.

"काका, पाणी नका लावू," मुलगी म्हणाली. कुचेष्टा नव्हती तिच्या आवाजात, काळजीच होती. "पाण्याने ते आणखी बसतं. आधी कोरडंच झटकायचं."

रुमाल जागच्या जागी थांबला. डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली.

ताई उठल्या आणि त्यांनी मुलीला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "आता घ्या परत मत," त्या म्हणाल्या. "हिच्यासमोर. ज्यांना हिचं नाव काढायचंय त्यांनी करा हात वर."

कोणाचाही हात वर गेला नाही. बँक मॅनेजर चष्मा पुसत राहिले. औषधवाल्यांना घड्याळात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. चुकलं, असं मात्र कोणी म्हणालं नाही.

"पुढचा विषय घ्या," ठेकेदारसाहेब मुख्याध्यापकांना म्हणाले.

नाव राहिलं. ताईंनी मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराशी नेलं. आईने पाहिलं ते एवढंच, की एकही हात वर गेला नाही; त्याआधी वर गेलेले चार हात तिला उमगलेच नव्हते. ती दारातून परत वळली आणि तिने एकेकासमोर वाकून हात जोडले, औषधवाल्यांसमोर, बँक मॅनेजरांसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर आणि सगळ्यांत शेवटी अध्यक्षांसमोर. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्या पोरी शिकतात," ती म्हणाली.

खरं सांगावं, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीला रोज याच शाळेत यायचं होतं.

ठेकेदारसाहेबांनी मघाचाच तो हात वर केला. "असू दे, असू दे," ते म्हणाले.