सतराव्या पानाची सावली

सतराव्या पानाची सावली नाहीशी झाली होती, आणि ती नाहीशी करणारी बाई परांचीवर बसून तिच्याकडे बघत होती. म्हणजे, तिच्या नसण्याकडे.

जुन्या नाट्यगृहाच्या सज्ज्याच्या कठड्यावर एक सोनेरी वेल रंगवलेली होती, एकशे ऐंशी पानांची. त्यातली पहिली वीस पानं ताईने नमुना म्हणून साफ केली होती. आज अकराला तज्ज्ञ येणार होते. काम पसंत पडलं तर उरलेली वेल तिची. नाही पडलं तर परांची सोडायची आणि घरी जायचं.

एकोणीस पानं तिने नुसत्या पाण्याने पुसली होती. सतराव्याखालचा तपकिरी पट्टा काही हटेना, म्हणून काल दुपारी तिने काजळी समजून कडक द्रावण वापरलं. पट्टा हटला. आज सकाळी तिरपं ऊन आलं, तेव्हा बाकीची पानं कठड्यापासून बोटभर वर उचललेली दिसली आणि सतरावं मात्र पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटलेलं. तो पट्टा मूळ रंगाऱ्यानेच वार्निशात रंग कालवून पाडलेली सावली होती. बावीस वर्षांचा अनुभव असल्याशिवाय इतकी चोख चूक होत नाही.

"एवढंच ना?" धाकटा भाऊ म्हणाला. साध्या लाकडावर संगमरवर रंगवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. "दे ब्रश. दहा मिनिटांत सावली पाडतो. तो रंगारी उठून आला तरी त्याला कळायचं नाही."

"कामाच्या वहीत लिहावं लागेल."

"मग नको लिहूस."

"आणि बोळे?"

इथे घोडं पेंड खात होतं. प्रत्येक पान पुसलेला कापसाचा बोळा ताई नंबर घालून पुडीत ठेवायची. सगळे राखाडी होते. सतरावा चहात बुडवल्यासारखा.

"फेकून दे की!"

"सोळानंतर एकदम अठरा? पोरखेळ आहे का?"

"आईवर गेलीस तू. तीही फुटलेल्या कपाचे तुकडे ठेवायची, वर कोणी फोडला त्याची चिठ्ठी."

"सगळ्या चिठ्ठ्या तुझ्याच नावाच्या होत्या."

तेवढ्यात तज्ज्ञ आले. वीस मिनिटं आधी. चांगल्या बातम्या कधी एवढ्या लवकर येत नाहीत. मागोमाग नाट्यगृहाचे व्यवस्थापक. दोघं भावंडं खाली उतरली. तज्ज्ञांचे गुडघे दुखत असल्याने ते तिसऱ्या रांगेत बसले आणि त्यांनी दुर्बीण लावली. दुर्बीण पानापानाने सरकत सतराव्यावर थांबली.

"वा! हे पान बघा. लखलखीत! बाकीच्यांवर अजून मळ आहे. सगळी अशीच करा."

"मी पहिल्यापासून हेच म्हणतोय," व्यवस्थापक म्हणाले. त्यांनी पहिल्यापासून काहीच म्हटलं नव्हतं.

"सुटलो," भाऊ कानात पुटपुटला.

ताईने वर वेलीकडे पाहिलं. शिव्या पडल्या असत्या तर एका पानावर भागलं असतं. आता उरलेल्या एकशे एकोणऐंशी सावल्या तिला पुसायच्या होत्या, तेही शाबासकी घेऊन.

"साहेब," ती म्हणाली. "तो मळ नाही. सावली आहे. सतराव्यालाही होती. मी पुसली." आणि तिने सतराव्या बोळ्याची पुडी पुढे केली.

तज्ज्ञांनी बोळा उजेडात धरला. मग ते परांची चढले. प्रत्येक पायरीला गुडघे कुरकुरले. सोळाव्या पानाला नाक लावलं, सतराव्याला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. ताईने तेवढ्या वेळात मनातल्या मनात सामान बांधलं होतं.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "पुढची सगळी पाण्यानेच करा. सतराव्याला कोणी ब्रश लावायचा नाही. आणि झालं ते वहीत लिहा."

"म्हणजे काम..."

"तुमच्याकडेच." ते जरा घुटमळले. "मी खाली बसून जे बोललो, ते काही लिहायची गरज नाही."

"पण मग लखलखीत कुठलं धरायचं?" व्यवस्थापकांनी विचारलं. तज्ज्ञ दुर्बीण गुंडाळून दाराकडे वळले होते.

दोघं गेल्यावर ताईने वही उघडली. 'पान सतरा. मूळ सावली माझ्या हातून गेली.' खाली तारीख, सही. मग तिने पुढच्या ओळीवर लिहिलं, 'तज्ज्ञांचा पहिला अभिप्राय', आणि पेन थांबलं.

"ताई," भाऊ म्हणाला, "नको हं."

पेन पुन्हा चालू लागलं होतं.