चार अंश सेल्सिअसवरचा वंश

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि टिकवणं हा माझा धर्म आहे. माझ्या पोटात आलेलं आजवर काही नासलं नाही. कोथिंबीर सोडून.

२००४ साली शंतनु आणि उत्तरानं मला न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या एका गराज सेलमधून, म्हणजे घरगुती जुन्या वस्तूंच्या विक्रीतून, घरी आणलं. आधीच्या मालकानं माझ्यात फक्त बिअर ठेवली होती. इथे विरजण, भिजवलेली मटकी, खवलेला नारळ अशी माझी बढती झाली. सांगलीहून सहा महिने राहायला आलेल्या शंतनुच्या आई तर म्हणायच्या, "गुणाचा आहे हो!"

लग्नाला पाच वर्षं होऊनही पाळणा हलेना, म्हणून दोघांच्या तपासण्या सुरू झाल्या. उत्तराच्या ठीक आल्या. मग एका सकाळी, आई पूजेला बसल्याचं पाहून, शंतनुनं शुक्राणू तपासणीची डबी लोणच्याच्या बरणीमागे लपवली. लॅब उघडायला अवकाश होता. मी ती इमानेइतबारे थंड ठेवली.

आठवड्यानं रिपोर्ट आला. संख्या भरपूर, हालचाल जवळजवळ शून्य. नर्स फोनवर म्हणाली, "नो वरीज, पुन्हा करून बघू." पण शंतनुची झोप उडाली. तो अक्रोड खाऊ लागला. मला उघडायचा, आत बघत उभा राहायचा, काही न घेता बंद करायचा. काळजीनं माझी मोटर थांबेना.

एकदा माझ्या दाराला टेकून तो हळूच म्हणाला, "उत्तरा, तुला दुसरा कुणी मिळाला असता तर..."

"मग काय करू? ट्रेड-मीच्या साइटवर जुन्या सामानात विकायला काढू तुला?" ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात आई दही घ्यायला आल्या. "शंतनु, लोणच्यामागे डबी होती, ते औषध घेतलंस ना रे? मी हात नाही लावला हो."

उत्तरा सावकाश वळली. आई दही घेऊन बाहेर जाईपर्यंत थांबली. "तू ती फ्रीजमध्ये ठेवलीस?"

"दूध टिकतं, म्हणून मला वाटलं..."

"अरे, खिशात, अंगाच्या उबेत आणा असं कागदावर लिहिलं होतं! सॉफ्टवेअरवाला ना तू? मॅन्युअल वाचत नाहीस?"

"आम्ही लिहितो गं. वाचत नाही."

दुसऱ्या वेळी डबी स्वेटरच्या आतून गेली. रिपोर्ट नॉर्मल आला.

तेव्हा मित्रांनो, एका कागदावरून कुणाला मोडीत काढू नका. आधी नमुना कुठे मुक्काम करून आला ते विचारा. आणि जमलं तर जुन्या फ्रीजच्या दाराचं रबर अधूनमधून पुसत जा.

पुढच्या वर्षी वल्लरी जन्मली. तिच्या दुधाला जागा हवी म्हणून मोठा फ्रीज आला. मी आता गराजमध्ये असतो. माझ्यात बिअर आहे.