बंडेप्पाच्या लारीचा अडकलेला स्टड

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हुमनाबादेत कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. रझाकारांच्या धास्तीनं आसपासची गावं रिकामी होत होती आणि जो तो निजामाच्या हद्दीपल्याड, सोलापूरकडं निघाला होता. बंडेप्पा मिस्त्रीला तर केव्हाच जायचं होतं. बायको गुरुबाई आधीच सोलापूरला भावाकडं पोचली होती. लारी स्वतःची, पेट्रोलही जमवलेलं. पण ऐन वेळी इंजनाची पॅकिंग जळली, आणि हेड, म्हणजे इंजनाचं वरचं झाकण, उघडताना ते आवळून धरणाऱ्या एका स्टडचे, बिनडोक्याच्या बोल्टचे, आटे पार झिजून गेले.

नवी पॅकिंग होती, नवा स्टडही हाताशी होता. जुना मात्र जागा सोडीना. त्याचं खालचं टोक इंजनाच्या पोटात गंजून असं बसलं होतं, जणू तिथंच उगवलं होतं.

शेजारच्या गावचा त्याचा जुना दोस्त अंकुशराव बायकोला, सत्यभामाबाईला, आणि आईला घेऊन सकाळीच बैलगाडीनं आला होता. आई, चंद्रभागाबाई, मांडीचं हाड मोडून बाजेवर पडलेली. दूरच्या वाटेला बैलगाडीचे हादरे तिला सोसणार नव्हते.

"अण्णा, निघायलंय का?" अंकुशरावानं विचारलं.

"निघंल."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. "कामून निघंना?"

"तू इचारू नको बाबा. तू इचारलास की माझा हात घाई करतोय."

तेवढ्यात बाजाराकडून मोटारीचा भोंगा वाजला. रझाकार आले म्हणून सगळे दचकून उठले. बंडेप्पाचा सगळा भार त्या वेळी पान्यावर होता. कट्ट! स्टड मोडला. नखाएवढं थोटूक तेवढं वर राहिलं. आणि मोटार तरी कुठली, बीदरची रोजची बस.

बंडेप्पानं पाना भिरकावला आणि डोकं धरून खाली बसला.

"मी गाडी जुंपतो," अंकुशराव म्हणाला.

"मला हितंच ठिवा अन् तुमी जावा," बाजेवरून चंद्रभागाबाई बोलली.

"गप पडा आत्याबाई," सत्यभामाबाईनं सासूला दटावलं आणि बंडेप्पाकडं वळली. "अण्णा, दुसरा काही विलाज न्हाई व्हय?"

इलाज होता. तो त्याला सकाळीही ठाऊक होता, पण त्या इलाजाला धीर लागतो, आणि धीरच तर त्याच्यापाशी नव्हता. तो उठला. त्या थोटकाला कानशीनं दोन बाजूंनी सपाट केलं. मग स्टोव्हची ज्योत लावून लोखंड तापवत बसला.

"मेण पायजे," तो म्हणाला. "मेणबत्ती तरी बगा."

बाजारातली दुकानं तोवर धडाधड बंद झाली होती. सत्यभामाबाईनं बोचकं सोडलं, कुंकवाचा करंडा काढला आणि कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी त्याच्या हातावर ठेवली. तापल्या लोखंडाला मेण लागताच ते पाण्यासारखं वितळून आट्यांत उतरलं. बंडेप्पानं लोखंड निवू दिलं. हात घाई करू बघत होता, तरी निवू दिलं. मग पाना लावला आणि सैल करायच्या ऐवजी आधी आवळला. केसभर. मग उलटा केसभर. हातोडीनं हळू ठोके. पुन्हा आवळ, पुन्हा सोड. अखेर कुरकुर करीत थोटूक फिरलं.

"आला!" अंकुशराव ओरडला. सत्यभामाबाईच्या डोळ्यांना धार लागली.

नवा स्टड बसला, हेड आवळलं आणि ऊन कलायच्या आत लारी सुटली. उमरग्याच्या पुढं सडकेच्या कडेनं माणसं चाललेली दिसली, डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं. कुणी हात केले. लारी थांबली नाही. थांबायची बंडेप्पाची छातीच झाली नाही.

सोलापुरात गुरुबाई धावत आली आणि हत्यारांची पेटी खाली ओढू लागली.

"ऱ्हाऊ दे ती."

"कामून?"

"मानसं चालत यायलीत गं. माजी लारी रिकामी हाय."

"तुमी परत जायलात?" तिनं पेटीची कडी घट्ट धरली. तो इंजनात पाणी ओतू लागला. शेवटी तिनंच कडी सोडली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही.

बंडेप्पा परत गेला, आणि पुन्हा पुन्हा जात राहिला. पावसाळ्यात नाक्यावर रझाकारांनी लारी हिसकावून घेतली, तेव्हा तो आडवाटेनं चिखल तुडवत सोलापूरला पोचला. भाद्रपदात निजामी संपली. लारी काही परत मिळाली नाही. चंद्रभागाबाईचं हाड वाकडं जुळलं, तरी दसऱ्याला ती गावी परतून काठी टेकत आपल्या घरात शिरली.