धुतलेली गुडघापट्टी

माझा रंग उडाला म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी बास्केटबॉलच्या मोठ्या लीगमधले खेळाडू शकुन म्हणून मला हात लावून मैदानात उतरत. मी एका खेळाडूची जुनी गुडघापट्टी आहे.

कारखान्यात रबरी धाग्यांनी माझे अंग विणले गेले आणि पुढच्या बाजूला मऊ गादी शिवली गेली. त्याच्या उजव्या गुडघ्यावर मी चढले ती कायमचीच. तो लाकडी मैदानावर आपटायचा तेव्हा आधी मी आपटायचे. माझ्या गादीचा भुगा झाला, पण त्याचे हाड शाबूत राहिले.

संघात तो वयाने सर्वांत मोठा. बाकीचे त्याला काका म्हणत. गुडघा कुरकुरत होता. हा त्याचा शेवटचा हंगाम होता आणि अंतिम फेरी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

साखळी सामने संपून आमचा संघ बाद फेरीत गेला. तिथे एकाच संघाशी पुन्हा पुन्हा खेळावे लागते. चार सामने आधी जिंकेल तो पुढे जातो. उपांत्य फेरीत आम्ही पहिले तीन हरलो, मग तीन जिंकलो. जिंकत असताना पट्टी धुवायची नाही, असा खेळाडूंचा नेम. त्यामुळे मला पाणी लागले नव्हते.

सातव्या सामन्यासाठी त्याची आई मुद्दाम आली. तिने पिशवीत मला पाहिले आणि थेट गरम पाण्यात बुडवून धुतले, मग दोरीवर वाळत घातले.

“आई! धुतलीस?” तो दोरीपाशी धावत आला.

“मग काय पुजायची होती? मला वाटलं पिशवीत उंदीर मेलाय!”

“अगं, जिंकत असताना धुवत नाहीत!”

आईचा चेहरा उतरला. “मला काय माहीत रे...”

गरम पाण्याने माझे धागे सैल पडले होते. तिने मला आतून टाके घातले. एकेक टाका ती दोनदा ओढून बघत होती. पोराची अंतिम फेरी आपल्यामुळे हातची जाईल, ही एकच भीती. पिशवीत नवी पट्टी होती, तरी त्याने मलाच चढवले.

आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटचा चेंडू त्याच्याकडे आला. त्याने उडी मारली. चेंडू बास्केटच्या कड्यावर आदळून बाहेर पडला आणि आम्ही हरलो. मी जागची तसूभरही हलले नव्हते, मित्रांनो. गुडघाच थकला होता.

कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी म्हणाले, “काका, पट्टी इतकी स्वच्छ कशी? कुणी धुतली?”

“तिथंच घात झाला!” दुसरा ओरडला.

उघड्या दारात आई उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिले.

“मीच धुतली,” तो म्हणाला. “वासानं मलाच भोवळ येत होती. काय बोलायचं ते मला बोला.”

मोटारीत बसल्यावर आईने विचारले, “खोटं कशाला बोललास?”

“मग काय सांगू? या वयातही कपडे आईच धुते म्हणून?”

सकाळपासून पहिल्यांदाच ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, तेही माझ्यानेच.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, वेळच्या वेळी धुवा. पण मायेपोटी कुणाच्या हातून एखादी बिघडली, तर आधी त्या माणसाला जपा. माझ्यासारख्या पट्ट्या दुकानात ढिगाने मिळतात.