उलट्या तारा

पेटी पुन्हा किंचाळली तशी सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "अगं, त्याला म्हणावं, एखाद्या गिरणीला भोंगा हवा असेल तर विचारून ये. निदान पगार तरी चालू होईल!"

तिला हसू आलं नाही. लेकीला, ठमीला, कडेवर घट्ट धरून ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. ठमीचे हात आता सगळीकडे पोचायला लागले होते, त्यामुळे ती उंबरठा ओलांडत नसे. टेबलावर नवऱ्याने स्वतः बांधलेली ती पेटी, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, कुशीवर टेकवलेली होती, पोटातल्या तारा बाहेर आलेल्या.

स्टुडिओतली नोकरी गेल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली की 'नको', डॉक्टरकडे चल म्हटलं की 'कशाला'. त्याच्या झोपेच्या गोळ्या तिने गुपचूप आपल्या कपड्यांच्या कप्प्यात हलवल्या होत्या. मग एका सकाळी तो आपणहून उठला आणि पत्रा कापायला बसला. ट्रान्सफॉर्मरसुद्धा त्याने हाताने गुंडाळला, केसासारखी तार, वेढ्यावर वेढा. या पेटीपायी तो दाढी करायला लागला होता, दोन घास जास्त खायला लागला होता. म्हणून ती चालायलाच हवी होती.

आणि ती चालत नव्हती. फीडबॅकची तार जोडली की किंकाळी, काढली की गप्प. खरं तर ती तार आवाज सुधारण्यासाठी. स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा थोडा अंश मागे फिरवून सुरुवातीला द्यायचा, म्हणजे पेटी आपल्या चुका आपणच पुसते. पण तोच अंश उलटा, उलट्या फेजने, जाऊन पोचला, तर चुका पुसल्या न जाता फुगत जातात.

हे तिला कळलं होतं. कॉलेजात तिनेही हेच शिकून घेतलं होतं. पण मागे एकदा, "हा रेझिस्टर चुकलाय का रे?" एवढंच ती म्हणाली, तर आठवडाभर तो टेबलाकडे फिरकला नव्हता. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

"आज नाही जमलं तर भंगारात," तो म्हणाला. "आणि मग सगळंच बंद."

"सगळं म्हणजे?"

"सगळं." टॉवेल खांद्यावर टाकून तो आंघोळीला गेला.

तिने ठमीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, खोलीचं दार लावून घेतलं, प्लग काढला. बंद केल्यावरही आत वीज दबा धरून बसते. झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे ठेवून तिने कपॅसिटर रिकामे केले, मीटरवर खात्री केली आणि ट्रान्सफॉर्मरकडून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली. सोल्डरचा धूर ती तोंडाने फुंकत राहिली. त्याला वाटेल, आपोआप सुटलं. वाटू दे.

बाथरूमचं दार धाडकन उघडलं. तो आला तो निथळतच, कानामागे साबण तसाच.

"सापडलं! फेज उलटी आहे गं, फेज! एवढी साधी गोष्ट!"

"ऐक ना, मी..."

"थांब, आत्ता बोलू नकोस. डोक्यातून जाईल."

त्याने ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला, व्हॉल्व्हकडून येणाऱ्या तारांना हात घातला. तिच्या डोळ्यांसमोर त्याने त्या उलटवल्या. तिचं उलटं आणि त्याचं उलटं मिळून पेटी पुन्हा होती तिथेच. थांबव त्याला, बोल, ती स्वतःला सांगत होती. पण तो शीळ घालत होता. कित्येक महिन्यांत ही शीळ तिने ऐकली नव्हती, आणि जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

व्हॉल्व्ह तापले. पेटी किंचाळली.

त्याने बटण बंद केलं. ओरडला नाही, आपटआपट केली नाही. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"उलटं होतं ते सुलटं केलं, तरी तेच," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे ट्रान्सफॉर्मरच चुकला. म्हणजे मुळातच मला काही येत नाही." त्याने कटर उचलला आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारांना लावला.

"मी उलटवल्या!"

कटर थांबला.

"स्पीकरकडच्या. तू आंघोळीला गेलास तेव्हा. तुझं बरोबर होतं रे, माझ्यामुळे परत बिघडलं."

त्याने तो खाली ठेवला. शेजारच्या खोलीत ठमी वाटी आपटत होती.

"कपॅसिटर रिकामे केले होतेस?" त्याने विचारलं.

"हो."

"मीटर लावून बघितलंस?"

"हो रे."

"एक हात मागे?"

"मागे."

तो मटकन स्टुलावर बसला. ओल्या केसांतून पाणी खांद्यावर ठिबकत होतं. "मेली असतीस की गं," तो म्हणाला. तिने मनधरणी केली नाही. आता भिंतीकडे वळतो की काय, एवढंच ती बघत होती.

"तुझ्या तारा तू पूर्ववत कर," शेवटी तो म्हणाला. "माझ्या राहू देत."

त्याने आधी कपॅसिटर स्वतः तपासले, मगच तिला जागा दिली. तिने तारा पुन्हा जोडल्या. तो टॉर्च धरून उभा होता.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह लालसर झाले. या वेळी किंकाळी आली नाही.

"मोडलं का रे शेवटी?" आतून सासूबाईंनी विचारलं.

तो स्पीकरला कान लावून बसला होता.

"बारीक घुर्र आहे अजून," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "तुला काय वाटतं, कुठून येत असेल?"

स्टूल जवळ ओढून तीही कान लावून बसली.